क्यूजीआयएसमध्ये डेंग्यूचा नकाशा: जॉइन फसला की अख्खा विभाग गायब

नकाशे शिकवणारा कुठलाही व्हिडिओ लावा, आधी लंडनच्या 1854 च्या कॉलऱ्याचा नकाशा, मग वीस मिनिटं रंग कसे निवडायचे, आणि जिथे माणूस खरा अडकतो तिथे एकच वाक्य, "आता टेबल जॉइन करून घ्या". म्हणजे एक्सेलमधले आकडे नकाशातल्या हद्दींना जोडा. पण घ्या म्हणजे कसं घ्या? या एका वाक्याने माझे दोन रविवार खाल्लेत. म्हणून बाकीचं मी भराभर उरकणारे आणि इथे थांबणारे.

क्यूजीआयएस टाकलेलं आहे (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पायरेटेड काही शोधत बसू नका), विभागांच्या हद्दींची फाईल आहे आणि डेंग्यूच्या केसेसचा एक्सेल आहे हे धरून चालते. उदाहरण नवी मुंबईचं घेते, कारण महापालिकेचे विभाग आठच आहेत: बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. ठाणेकरांनी याच जागी आपल्या प्रभाग समित्या धराव्यात, भानगडी त्याच आहेत.

आधी पत्ते चाळा. खारघर, कामोठेवाले पत्त्यात बिनधास्त "नवी मुंबई" लिहितात, पण ते पनवेल महापालिकेत येतात, जिल्हाही रायगड, तर त्या ओळी बाजूला काढा. "कोपरी" दिसलं तर पिनकोड बघा, एक कोपरी ठाण्यात आहे आणि एक वाशीजवळ. आणि पेशंटच्या घरावर ठिपका टाकायचा नाही, कितीही मोह झाला तरी, सोसायटीच्या ग्रुपवर तो फ्लॅट कोणाचा हे पाच मिनिटांत निघतं. विभागवार बेरीज करा आणि तीच वापरा.

एक्सेल सेव्ह करताना साधं सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली मजकुराची फाईल) नको, यूटीएफ-8 वालं निवडा, नाहीतर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. हद्दींची फाईल क्यूजीआयएसमध्ये ओढून टाका, सीएसव्ही डिलिमिटेड टेक्स्टमधून घ्या, तिथे "नो जिऑमेट्री" निवडा, कारण यात नुसते आकडे आहेत. झालं.

आता जॉइन.

हद्दींच्या लेयरच्या (म्हणजे ओढून टाकलेल्या त्या फाईलीच्या) प्रॉपर्टीजमध्ये जॉइन्स, अधिकचं चिन्ह, इकडचा कॉलम, तिकडचा कॉलम, ओके. दिसायला एवढंच आहे, आणि वैताग हा की चुकलं तरी क्यूजीआयएस हूं का चूं करत नाही, जे जुळलं नाही तिथे गुपचूप नल (म्हणजे रिकामं) ठेवून देतं आणि तो भाग रंगवतच नाही. माझा असाच एक नकाशा एका बैठकीत भिंतीवर लागला, दिघा पांढराफटक, आणि कोणीतरी म्हणालं, "वा, दिघ्यात एकही केस नाही!" मीही मान डोलावली. घरी येऊन एक्सेल उघडला तर दिघ्यासमोर चांगला दोन आकडी आकडा होता. तेव्हा कानाला खडा लावला.

चूक काय होती, तर नाव पीडीएफमधून कॉपी केलेलं आणि त्याच्या मागे एक मोकळी जागा चिकटलेली. ट्रिम (जादा मोकळ्या जागा काढणारं फंक्शन) लावून पाहिलं, जाईना. कारण ती साधी स्पेस नव्हतीच, ती न तुटणारी स्पेस असते, कोड 160, आणि एक्सेलचा ट्रिम तिला हातही लावत नाही. पकडायची कशी? शेजारच्या कॉलममध्ये लेन (अक्षरं मोजणारं फंक्शन) लावा. "दिघा" दिसायला दोन अक्षरं, पण वेलांटी आणि काना एक्सेल वेगळे मोजतो, म्हणजे उत्तर 4 यायला हवं. माझं 5 येत होतं. मग ती मागची जागा तेवढी कॉपी करून फाइंड-रिप्लेसमध्ये टाकली आणि उडवली.

पण खरं सांगू का, नावावर जॉइन करूच नका. नेरुळ एकीकडे ऱ्हस्व, एकीकडे दीर्घ, कोपरखैरणे कोणी जोडून लिहितं कोणी तोडून, इंग्रजी स्पेलिंगांचं तर विचारूच नका. एक छोटा तक्ता कायमचा बनवून ठेवा, डावीकडे आजवर भेटलेलं प्रत्येक स्पेलिंग, उजवीकडे हद्दींच्या फाईलीतला त्या विभागाचा कोड, नवीन डेटा आला की व्हीलुकअपने कोड लावा आणि जॉइन कोडवर करा. माझा तक्ता आता साठेक ओळींचा झालाय, तो मी जपून ठेवते.

कोडचंही एक दुखणं आहे. 2011 च्या जनगणनेचे तालुक्यांचे कोड पाच आकडी आहेत आणि महाराष्ट्रातले शून्याने सुरू होतात, एक्सेल ते पुढचं शून्य खाऊन टाकतो. कॉलम आधीच टेक्स्ट करा आणि सीएसव्ही घेताना "डिटेक्ट फील्ड टाइप्स"ची खूण काढा.

शिवाय एकाच विभागाच्या जून, जुलै, ऑगस्ट अशा तीन ओळी असतील तर हा जॉइन एकच उचलतो, बाकीच्या सोडतो, तेही न सांगता. आधी पिव्होट करून विभागाला एकच ओळ करा. मग जॉइन झाल्यावर केसेसची बेरीज एक्सेलमधल्या बेरजेशी टॅली करा, एकाचाही फरक आला तर पुढे जायचं नाही.

जिल्ह्याचं काम असेल तर हद्दींची फाईल कधीची आहे ते बघा. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला, त्याआधीच्या फाईलीत ठाणे 15 तालुक्यांचं आहे, आता 7 च उरलेत. जुन्या ठाण्यावर आजच्या ठाण्याचे आकडे चिकटवलेले नकाशे मी अजून बघते.

रंग नुसत्या केसेसवर भरू नका, दर लाख लोकसंख्येमागे किती ते काढा, नाहीतर जिथे माणसं जास्त तिथे रंग गडद, यात नवीन काय कळलं? लोकसंख्या मात्र 2011 चीच वापरावी लागते, कारण 2021 ला व्हायची जनगणना तेव्हा झाली नाही, आणि ठाण्यात घोडबंदर रोडला 2011 पासून किती टॉवर उठले ते आपण बघतोच, म्हणजे तिथला दर आहे त्यापेक्षा जास्त दिसणार. हे नकाशावर लिहा. रंगांचे गट चार-पाच पुरे, आणि दर महिन्याला तेच ठेवा.

खाली त्याच हद्दींचा अजून एक लेयर राखाडी रेघांनी भरलेला ठेवा आणि रंगांच्या सूचीत "माहिती उपलब्ध नाही" लिहा, म्हणजे एखादा दिघा गळालाच तर राखाडी दिसेल, पांढरा नाही. माहिती कुठून घेतली आणि कुठल्या तारखेपर्यंतची हेही चित्रातच टाका, कारण व्हॉट्सअॅपवर नकाशा पुढे जातो, खालचं कॅप्शन मागेच राहतं.