मुंबईहून कच्च्या वाटेला: बाइकला कोणते टायर बसवाल?

मुंबईकराचं ऑफ-रोडिंग काँक्रीटवरच सुरू होतं. दुचाकीला एक्स्प्रेसवे बंद, अटल सेतूही बंद. लोणावळा गाठायचं तर पनवेल-खोपोलीचा जुना हायवे धरायचा, अलिबाग-रोह्याकडे जायचं तर खाडी ओलांडून वाशीवरून वळसा. राजमाचीची लोणावळ्याकडून जाणारी कच्ची वाट साधारण १५ किलोमीटरची. तिच्या तोंडाशी पोचायला ८०-९० किलोमीटर पक्का रस्ता आणि परत यायला तेवढाच. त्यामुळे टायर घेताना मातीचा विचार नंतर. आधी हिशोब करा की महिन्याभराच्या किलोमीटरमध्ये कच्चे किती. दहातला एक भरत असेल, तर दुकानदाराने कितीही भरीला घातलं तरी मोठ्या गट्ट्यांचा, म्हणजे उठावदार रबरी ठोकळ्यांचा, टायर घेऊ नका.

टायरच्या जाहिरातीत ८०/२०, ५०/५०, ४०/६० असे आकडे असतात. पहिला आकडा पक्क्या रस्त्याचा, दुसरा कच्च्याचा. हे प्रमाण कंपनी स्वतःच ठरवते, त्यामागे सगळ्यांना सारखी लागू होणारी चाचणी नाही. एकीचा ५०/५० दुसरीच्या ६०/४० पेक्षा सौम्य निघू शकतो. म्हणून टायर हातात घेऊन बघा. मधल्या पट्ट्यात रबर जवळजवळ सलग असेल तर तो रस्त्याचा टायर, बाजूला कितीही दात दिसोत. दोन गट्ट्यांमधलं अंतर गट्ट्याच्या रुंदीएवढं किंवा जास्त असेल तर तो चिखलाचा. मग मधला गट्टा अंगठ्याने आडवा ढकला. उंच, सुटा गट्टा वाकतो, आणि घाटाच्या वळणावर बाइक झुकवल्यावर तो तसाच वाकणार. चाक किंचित सरकल्यासारखं वाटतं ते यामुळेच. ज्या टायरचे गट्टे खालून पातळ रबरी पुलांनी जोडलेले असतात, त्यात हे कमी होतं. गट्ट्यांवर बारीक चिरा आहेत का तेही पाहा. ओल्या काँक्रीटवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर त्याच चिरा कामाला येतात.

आपल्याकडची जमीन एकसारखी नाही, आणि एक टायर सगळीकडे राजा नसतो. सह्याद्रीचा दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, कोरडा असताना धारदार. इथे पकडीपेक्षा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, जाडी महत्त्वाची, कारण टायर कापला जातो तो बाजूने. पावसाळ्यात याच दगडावर शेवाळ चढलं की मोठे गट्टे उलट घात करतात: दगडाला टेकणारं रबर कमी, आणि कडक दगडात गट्टा रुतत नाही. तिथे मऊ रबराचा ५०/५० जास्त धरतो. कोकणातल्या जांभ्याच्या वाटेवर वरचा लाल थर भिजून साबणासारखा होतो आणि खाली टणक दगड. उंच गट्टे तो थर कापून खाली पोचतात, हा त्यांचा खरा उपयोग. भाताच्या खाचरांजवळच्या चिखलात मोकळी जागा जास्त असलेला टायरच चालतो. घाटमाथा उतरून नाशिक-नगरच्या काळ्या मातीत शिरलात तर मात्र कुठलाच टायर पुरत नाही. ती माती गट्ट्यांत भरते, मग मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. तिथे उपाय टायरचा नसून मडगार्डचा: पुढचं मडगार्ड उंच बसवायचं, नाहीतर पाऊस असताना त्या वाटेला जायचं नाही. उन्हाळ्यातला फुफाटा त्यामानाने सोपा, हवा थोडी कमी केली की भागतं.

दोन्ही चाकांना एकाच जातीचा टायर हवा, हा समज सोडून द्या. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली. शिवाय झिजतो मागचा, कारण इंजिनाचा जोर आणि सामानाचं वजन त्याच्यावर. त्यामुळे पुढे जास्त दातेरी आणि मागे ५०/५० ही जोडी मुंबईहून शनिवार-रविवार निघणाऱ्यांना परवडते. पुढे कॉन्टिनेंटल टीकेसी ८० च्या जातीचा गट्टेदार आणि मागे मिटास ई०७ सारखा, ही त्याची ढोबळ कल्पना. रोज ऑफिसला त्याच बाइकवरून जात असाल आणि जून ते सप्टेंबर बाइक बंद ठेवत नसाल, तर पुढचाही ५०/५० च ठेवा. ओल्या काँक्रीटवर अचानक ब्रेक मारण्याची वेळ शहरात रोज येते, चिखलाची महिन्यातून एकदा. एकच गोष्ट सांभाळा: एक रेडियल आणि एक बायस (टायरच्या आतल्या धाग्यांच्या मांडणीचे हे दोन प्रकार) अशी सरमिसळ कंपनीने मान्य केली नसेल तर करू नका. साइडवॉलवरच्या मापात ‘आर’ असेल तर रेडियल, नुसती आडवी रेघ असेल तर बायस.

मापाबद्दल थोडक्यात. ९०/९०-२१ म्हणजे ९० मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ९० टक्के उंची, २१ इंची रिम. हीरोच्या एक्सपल्स २०० ला पुढे हेच आणि मागे १२०/८०-१८. रॉयल एन्फील्डच्या जुन्या हिमालयन ४११ ला मागे १२०/९०-१७, नव्या ४५० ला १४०/८० आर१७. १८ आणि १७ च्या रिममध्ये गल्लत झाली तर टायर बसणारच नाही, आणि ऑनलाइन ऑर्डरमध्ये ही गल्लत सर्रास होते. मापानंतरचा आकडा टायर पेलू शकेल त्या वजनाचा: ५४ म्हणजे २१२ किलो, ६५ म्हणजे २९० किलो. मूळ टायरपेक्षा खालचा आकडा घेऊ नका. त्यानंतरचं अक्षर वेगमर्यादेचं: ‘पी’ १५०, ‘क्यू’ १६०, ‘एस’ १८० किलोमीटर. गट्टेदार टायरवर बहुधा ‘क्यू’ असतं आणि या बाइकना ते पुरेसं आहे. ‘रुंद टायर म्हणजे जास्त पकड’ या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो मध्यभागी फुगतो, कडेचे गट्टे जमिनीला लागत नाहीत, आणि चेन घासायला लागते ती वेगळीच. शेवटी चार आकडी तारीख: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा, जूनची सुरुवात. ऑफ-रोड टायर दुकानात हळू खपतात, त्यामुळे दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल नवा म्हणून गळ्यात पडतो. पैसे देण्याआधी तारीख वाचा.

आता ट्यूब. साध्या स्पोकच्या रिमला ट्यूब लागतेच, टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी. कच्च्या वाटेवर पंक्चर खिळ्याने कमी होतं, चिमटल्याने जास्त: हवा कमी असताना चाक दगडावर आपटतं, ट्यूब रिम आणि दगडात सापडते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. जाड, हेवी ड्यूटी ट्यूब घातली की हे बरंच टळतं. वजन वाढतं, पण पुढच्या चाकाला तरी घालाच. सोबत २१ इंची एक ट्यूब ठेवा. अडचणीत ती मागच्या १७ किंवा १८ इंची चाकातही घडी घालून बसते आणि घरापर्यंत आणते. उलटं जमत नाही. अलॉय किंवा ट्यूबलेस स्पोकचं चाक असेल तर भोक बुजवायचं किट पुरतं. पण रिमच वाकली तर हवा कडेने जाते, तेव्हा ट्यूबच लागते.

बसवताना कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नुसतं सोपवून चहाला जाऊ नका. टायर आधी उन्हात तासभर ठेवायचा, रबर नरम होतं. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण तपासायचा. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी उलटे बाण असतात, आणि चूक इथेच होते. टायरवर हलक्या जागेचा रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणायचा. ट्यूबला टाल्कम पावडर, कडेला साबणाचं पाणी. ग्रीस किंवा डिझेल अजिबात नाही. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गोल झाली की आत सारायची, म्हणजे लिव्हरखाली (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीखाली) सापडत नाही. शेवटची कड चढत नसेल तर लिव्हरवर जोर देऊ नका. समोरची बाजू गुडघ्याने रिमच्या मधल्या खोल भागात दाबा, इकडे आपोआप सैल होते. हवा भरल्यावर रिमजवळची बारीक रेघ चारही बाजूंनी सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. व्हॉल्व्हची खालची नट रिमला घट्ट आवळू नका. कमी हवेत टायर रिमवर थोडा सरकला की व्हॉल्व्ह तिरका होतो. नट सैल असेल तर ते लगेच दिसतं, आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. पहिले १०० ते १५० किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीत थर असतो.

हवेचं गणित घरून निघतानाच ठरवा. रस्त्यावर चेनकव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे. ट्यूब असलेल्या चाकात दगडगोट्यांसाठी २२ पीएसआय, नुसत्या मातीला २०, खोल चिखलाला १८. त्याखाली जायचं असेल तर रिम लॉक, म्हणजे टायरची कड रिमला दाबून धरणारा क्लॅम्प, बसवलेलं हवं. सामान किंवा मागे माणूस असेल तर या आकड्यांत मागच्या चाकाला चार-पाच वाढवा. वाट संपली की डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची: कमी हवेत ८० च्या वेगाने पनवेलपर्यंत आलात तर टायर तापतो आणि गट्ट्यांच्या मुळाशी चिरा पडतात. पेट्रोल पंपाच्या गेजवर विसंबू नका. स्वतःचा गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप बॅगेत असू द्या.

५०/५० चा मागचा टायर एक्सपल्स-हिमालयनसारख्या बाइकवर १० हजार किलोमीटरच्या आसपास जातो, मोठ्या गट्ट्यांचा त्याच्या निम्मा, आणि काँक्रीटवर त्याहून लवकर. मधले गट्टे चार मिलिमीटरवर आले की रस्त्याला तो अजून चालेल, चिखलाला नाही. पुढच्या टायरच्या गट्ट्यांवरून हात फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर हवा बरेच दिवस कमी होती किंवा सस्पेन्शनकडे बघायची वेळ झाली आहे.