एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बाईचं माहेर कसं शोधावं

अमळनेर-पारोळा पट्ट्यात माझी सारी नोकरी तलाठ्याची. त्यामुळे कुठलंही घराणं समोर आलं की पहिला प्रश्न डोक्यात येतो, जमीन कोणाच्या नावावर होती आणि फेरफार कधी पडला? निवृत्तीनंतर अमेरिकन बायांची माहेरं शोधायचा नाद लागला, तेव्हा घरातून विचारणा झाली, "आते तुमले अमेरिकाना सातबारा पाहिजे का?" पाहिजेच! तिकडची त्या काळातली बाईही नवऱ्याच्या नावामागे दडलेली. लग्न झालं की आडनाव गेलं. वर्तमानपत्रात 'मिसेस' लावून पुढे नवऱ्याचीच आद्याक्षरं. तिचं स्वतःचं नाव कागदावर हमखास उमटतं ते जमीन किंवा पैसा हलतो तेव्हा.

आपल्या ओळखीच्या कार्पेंटरबाईंपासून सुरुवात करा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावी यांच्याकडे उतरल्या. १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या, त्यांची रक्षा मात्र गेली न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनजागेत. घर एका राज्यात आणि दफनजागा दुसऱ्या राज्यात, म्हणजे घराण्याचे जुने कागद पोकीप्सीच्या डचेस काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच) धुंडाळायला हवेत. माणूस राहतो कुठे यापेक्षा त्याला पुरलं कुठे, यावरून मूळ गाव लवकर कळतं.

मग जनगणना. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं उघडलं की फुकट दिसते. ती १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८५० च्या आधी नाव फक्त घरच्या कर्त्याचं. बाकीची माणसं म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले नुसते आकडे. १८८० ची मात्र सोडू नका. त्यात प्रत्येकाचं कर्त्याशी नातं लिहिलंय आणि आईबापाचा जन्म कुठला तेही. घरात कर्त्याची सासू राहत असेल तर काम फत्ते: तिनं दुसरं लग्न केलेलं नसेल, तर तिचं आडनाव तेच आपल्या बाईचं माहेरचं. १८९० ची शोधत बसू नका, १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत ती जवळजवळ सगळी गेली. ती पोकळी राज्यांच्या स्वतःच्या गणनांनी भरायची. न्यू जर्सीची १८८५ आणि १८९५ ची आहे, न्यूयॉर्कची १८९२ ची. १९०० च्या गणनेत बाईला मुलं किती झाली आणि जगली किती, असे दोन रकाने आहेत. स्पेलिंगवर अडून बसू नका, गणकानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय.

आता माझ्या आवडीचा भाग. काउंटीच्या कचेरीत खरेदीखतांची सूची असते, विकणाऱ्यांची वेगळी आणि घेणाऱ्यांची वेगळी. नवऱ्याच्या जमिनीवर विधवेचा हयातीपुरता एक तृतीयांश हक्क असे, त्याला डॉवर म्हणत. म्हणून नवरा जमीन विकायला निघाला की बायकोची सही लागे. बऱ्याच राज्यांत अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचा, बाई, राजीखुशीनं सही करतेस ना? तो जबाब खताच्या शेवटी लिहिलेला सापडतो. आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्र घेताना असं कोणी बाजूला नेऊन विचारलं असतं तर बरीच हक्कसोडपत्रं झालीच नसती, पण ते असो. याहून मोलाचं खत म्हणजे बाप वारल्यावर वारसांनी मिळून जमीन विकली तेव्हाचं. त्यात सगळ्या लेकी जावयांसकट, नव्या आडनावांनी, एका ओळीत उभ्या असतात. आपला वारस फेरफारच की!

मृत्युपत्रं आणि पालकत्वाचे कागद याच जातीचे. सातबाऱ्यावर अल्पवयीन वारसाचा पालक दाखवायला आपण 'अ.पा.क.' लावतो, तसा तिकडे अज्ञान मुलांना कोर्ट पालक नेमून देई, आणि पुष्कळदा तो आईचा भाऊ निघतो. नवरा १८६१-६५ च्या यादवीत सैनिक होता काय, तेही बघा. विधवेला पेन्शनसाठी लग्न शाबित करावं लागे, त्यामुळे ती फाइल चांगली जाड असते. ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळते; नक्कल मागवायला पैसे पडतात, पण द्यावेत. इतरांनी नेटवर चढवलेल्या वंशावळी मात्र कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय उतरवून घेऊ नका.

बाई गुलामगिरीतली असेल तर सगळं उलटं होतं, कारण तिथे मालमत्ता तीच. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, तिचं फक्त वय, लिंग आणि रंग. मग मालकाचं मृत्युपत्र आणि त्याच्या मिळकतीची यादी काढायची. तिथे गुरं-अवजारांच्या जोडीला तिचं पाळण्यातलं नाव आणि किंमत सापडू शकते. जनगणनेत अशा बहुतेकींची नावं १८७० पासूनच येतात. त्याच सुमाराच्या, १८६५ ते १८७४ पर्यंत चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठीच्या बँकेच्या, खातेनोंदीही चाळा. त्यांत खातेदाराचे आईबाप, भावंडं, कधी जुन्या मालकाचं नावही लिहिलेलं असतं, आणि त्याही फॅमिलीसर्चवर फुकट आहेत.