१/३५० ‘एंटरप्राइज’: आधी प्रकाश, मग जोडणी

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत १९६६ साली प्रथम दिसलेल्या एंटरप्राइज यानाचा पोलर लाइट्स कंपनीचा १/३५० प्रमाणातील प्लास्टिक मॉडेलचा संच जोडायला फारसा अवघड नाही. कस लागतो तो त्याला आतून उजळवताना. पूर्ण झालेले मॉडेल सुमारे ८२ सेंटिमीटर लांब होते आणि यानाच्या पुढच्या गोल तबकडीचा व्यास ३६ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे दिव्यांना जागा भरपूर मिळते. मात्र तबकडीचे वरचे व खालचे भाग एकदा चिकटले की आतली एक तार सुटली तरी सगळा जोड फोडावा लागतो. म्हणून सूचनापत्रकातला क्रम जसाच्या तसा न पाळता कामाचा क्रम प्रकाशाच्या सोयीने लावावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला मूळ वस्तूची छायाचित्रे जमवावीत. चित्रीकरणासाठी वापरलेले सुमारे ३.४ मीटर लांबीचे मॉडेल वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये असून २०१६ साली त्याची डागडुजी करून त्यात एलईडी बसवण्यात आले. त्या मॉडेलच्या डाव्या अंगातून विजेच्या तारा आत जात असत, म्हणून ते अंग पूर्ण सजवलेले नव्हते आणि चित्रीकरण मुख्यतः उजवीकडून होई. आपल्या तारा स्टँडच्या पोकळ पितळी नळीतून खाली उतरवता येतात, त्यामुळे दोन्ही अंगांवर सारखेच काम करावे.

सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवले की पहिले खरे काम प्रकाश अडवण्याचे. संचाचे पॉलिस्टायरिन प्लास्टिक कितीही जाड वाटले तरी आत एलईडी लावताच सगळे कवच कंदिलासारखे उजळते, आणि तसे झाले की मॉडेलचे प्रमाण डोळ्यांना पटेनासे होते. त्यासाठी प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला काळ्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत आणि ते पूर्ण सुकल्यावर त्यावर पांढरा हात द्यावा. काळा रंग प्रकाश रोखतो, पांढरा तो आत सर्वत्र पसरवतो. चिकटवायच्या कडांवर रंग राहू देऊ नये, कारण प्लास्टिकचा सिमेंट रंगावर धरत नाही. मग भाग रबरबँडने एकत्र धरून, खोलीत पूर्ण अंधार करून आत दिवा लावावा. जिथे बारीक रेघ किंवा टिंब चमकेल तिथे पेन्सिलने खूण करून काळ्या रंगाचा आणखी एक हात द्यावा. ही चाचणी कंटाळवाणी आहे, पण पुढचे सारे यश तिच्यावरच अवलंबून आहे.

तबकडीसाठी १२ व्होल्टची एलईडी पट्टी सोयीची पडते. मीटरला ६० एलईडी असलेली साधी पट्टी सुमारे ४.८ वॉट वीज घेते आणि बंद कवचात ती उष्णता साचते, म्हणून पट्टी कमी लांबीची घेऊन डिमरने मंद ठेवावी. पट्टीमागचा चिकट थर कालांतराने सुटतो. दर तीन-चार सेंटिमीटरवर इपॉक्सीचा ठिपका द्यावा. सुटे पांढरे एलईडी वापरायचे असल्यास प्रत्येकाला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात, म्हणजे ओळीने जोडलेल्या तिघांचे ९.६ व्होल्ट होतात आणि उरलेल्या २.४ व्होल्टसाठी १८० ओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह १३ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, जो पुरेसा आहे. हे सगळे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. सगळ्याच खिडक्या उजळू नयेत. काही आतून काळ्या करून टाकाव्यात, तरच आत माणसे राहतात असे वाटते.

दोन्ही नासेलना (यानाच्या लांबट इंजिन-नळ्यांना) धरणारे पायलॉन, म्हणजे आधाराचे खांब, अरुंद असल्याने त्यांतून जाड तार जात नाही. तिथे इनॅमल चढवलेली वाइंडिंगची तांब्याची तार वापरावी, टोकावरचे इनॅमल पात्याने खरवडूनच सोल्डर करावे आणि जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवावी. नासेलच्या पुढच्या नारिंगी घुमटांत फिरता प्रकाश हवा, तो क्रमाने लागणाऱ्या एलईडींनी साधता येतो. तबकडीवरचे डावीकडचे लाल आणि उजवीकडचे हिरवे दिवे लुकलुकण्यासाठी ५५५ टायमर ही छोटी चिप पुरते: १० व ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की साधारण सेकंदाला एक लुकलुक मिळते. कवच बंद करण्यापूर्वी सगळे दिवे काही तास सलग चालू ठेवावेत. पारदर्शक खिडक्यांजवळ सुपरग्लू वापरू नये, त्याच्या वाफेने त्या धुरकट होतात. तिथे इपॉक्सी घ्यावे.

जोड पुट्टीने भरून बारीक वॉटर पेपरने घासावेत, खिडक्यांवर मास्किंगचे रबरी द्रव लावावे आणि मगच करडा प्रायमर मारावा. मुख्य रंग हिरवट झाक असलेला फिकट करडा असून तो ०.३ मिलिमीटर नोझलच्या एअरब्रशने, १५ ते २० पीएसआय दाबावर, पातळ थरांत द्यावा. मास्क आणि खेळती हवा अनिवार्य आहे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लॅकर रंगावर ओलाव्याने पांढुरकी साय धरते, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट पाहावी किंवा अॅक्रिलिक वापरावे. मूळ मॉडेलच्या तबकडीवरच्या रेषा पेन्सिलने काढलेल्या होत्या, त्यामुळे इथे काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) फासणे मला साफ चुकीचे वाटते. रेषा हातभर अंतरावरून जेमतेम दिसाव्यात.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची नावे-चिन्हे) चकचकीत थरावरच लावावेत, कारण खरबरीत पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. डिकल सॉफ्टनरने ते वक्र भागांवर बसले की २४ तासांनी मॅट वार्निश मारावे आणि त्यानंतरच खिडक्यांवरचे मास्किंग टूथपिकने उचलावे. रेग्युलेटेड १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अॅडॅप्टर, स्विच आणि टायमरचे सर्किट स्टँडच्या बैठकीत ठेवून बैठकीचा तळ स्क्रूने बंद करावा, म्हणजे त्यातले काही बिघडले तर यानाला हात न लावता दुरुस्ती करता येते.