'मलबार प्रिन्सेस'ची प्रतिकृती: जुळणी आणि मांडणी

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्याच्या प्रतिकृतीसाठी १:१४४ हे प्रमाण घरात सोयीचे ठरते, कारण सुमारे साडेसदतीस मीटरचा मूळ पंखविस्तार त्यात २६ सेंटिमीटरवर येतो.

या विमानाचे पुढचे चाक नाकाखाली असल्याने, धडाचे दोन भाग चिकटवण्यापूर्वीच नाकात शिशाच्या गोळ्या पक्क्या बसवाव्यात. अन्यथा तयार प्रतिकृती शेपटीवर बसते आणि मग हळहळण्यापलीकडे हाती काही राहत नाही. सर्व भाग टेपने तात्पुरते जोडून, मुख्य चाकांच्या जागी खाली पेन्सिल आडवी धरून तोल पाहावा. पारदर्शक खिडक्यांना फेविकॉलच वापरावा, कारण झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने त्यांवर पांढुरके सावट येते.

खरी कसोटी रुपेरी रंगाची असते. तो केसाएवढी चीरही लपवत नाही, म्हणून सांधे पुटीने भरून ओल्या पॉलिश पेपरने घासावेत, चकचकीत काळ्या रंगाचे अस्तर द्यावे आणि ते पूर्ण वाळल्यावरच (घाई नेमकी इथे नडते) ॲल्युमिनियम रंगाचे पातळ थर फवारावेत. चिन्हांचे डिकॅल (कागदावरून सरकवून लावायची पातळ छापील चित्रे) कोमट पाण्यात भिजवून, ओल्या पृष्ठभागावर अलगद सरकवावेत.

प्रतिकृती थेट उन्हापासून दूर, ॲक्रिलिकच्या बंद पेटीत ठेवावी आणि पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाकावी.