इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ शोधताय? या चुका टाळा

पेन आणि पेन्सिल एकाच कंपासपेटीत राहतात, नावंही सारखी, म्हणून आपण त्यांना एकाच घरातले धरून चालतो आणि तिथेच फसतो. पेन आलं पेन्ना वरून, म्हणजे पीस, कारण आधी पिसानेच लिहायचे. पेन्सिल आली पेनिकिल्लुस वरून, म्हणजे बारीक ब्रश. काही नातं नाही! नुसत्या दिसण्यावर जाऊ नका.

पण सगळ्यात जास्त लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. पुण्यात आपण कंडक्टरला रोज "एक कॉर्पोरेशन द्या" म्हणतो, त्या शब्दाचं मूळ कॉर्पुस, म्हणजे शरीर, अनेक माणसं मिळून कायद्याने एक शरीर झाली ती कॉर्पोरेशन. मग मधला तो "र" कुठून आला? लॅटिन डिक्शनरीत कॉर्पुसच्या शेजारीच दुसरं रूप असतं, कॉर्पोरिस, म्हणजे शरीराचं, आणि हे बघितलं की मराठी माणसाला लगेच कळायला पाहिजे कारण हे आपलं सामान्यरूपच आहे हो, आपण "पुणेला" म्हणतो का, "पुण्याला" म्हणतो ना, तसंच. टेम्पुस-टेम्पोरिस, त्यावरून टेम्पररी. डेन्स-डेन्टिस, त्यावरून डेंटल. कायम दुसरं रूप बघा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

डेंटल म्हटलं की दंत आठवतो आणि लोक लगेच "संस्कृतातूनच गेला" म्हणून मोकळे होतात. तसं नाहीये. भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात, म्हणजे या बहिणी, आणि दंत-डेन्स ही मावसभावंडं. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही.

सॅलरी या शब्दाच्या मुळात मीठ (लॅटिन साल) आहे हे खरं, पण रोमन सैनिकांना पगारात मीठच मिळायचं या व्हॉट्सॲपवरच्या गोष्टीला पक्का पुरावा नाही.

आणि मधलं फ्रेंच स्टेशन गाळू नका प्लीज. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर कितीतरी लॅटिन शब्द फ्रेंचमधून रूप बदलून इंग्रजीत आले. लॅटिन कामेरा म्हणजे कमानदार छताची खोली, फ्रेंचांच्या तोंडी "क"चा "च" झाला, त्याचं इंग्रजीत चेंबर. तोच शब्द नंतर कामेरा ऑब्स्कुरा, अंधारी खोली, यातून थेट लॅटिन रूपात आला तो कॅमेरा. म्हणजे रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरचा फोटो तुम्ही मोबाईलने काढता तेव्हा दोन्हीकडे एकच शब्द असतो.