मुलांचा चहा, फ्लोराइड आणि दात

चहाचं झाड मातीतलं फ्लोराइड शोषून पानांत साठवतं. कोवळ्या शेंड्यांपेक्षा जुन्या, जून पानांत ते कितीतरी जास्त असतं, म्हणून स्वस्त, भरड पत्तीच्या चहात बहुधा अधिक उतरतं. पत्ती जास्त वेळ मुरू दिली की आणखी. उकळून फ्लोराइड उडून जात नाही. उलट पाणी आटलं की ते दाट होतं.

थोडं फ्लोराइड दातांना हवंच, ते कीड रोखतं. प्रश्न प्रमाणाचा आहे. कायमच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार होत असतं. त्या काळात रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर पुढे दातांवर पांढुरके, कधी तपकिरी डाग येतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या पाण्यात आधीच तेवढं असेल, तर लहान मुलाला चहा नकोच. पाणी एकदा तपासून घ्या. अंदाजावर राहू नका.

एखाद-दुसऱ्या घोटाने काही बिघडत नाही. पण खरं सांगायचं तर बहुतेक मुलांच्या दातांना चहातल्या फ्लोराइडपेक्षा साखरच जास्त नडते, आणि जेवणासोबतचा चहा लोह नीट शोषू देत नाही ते वेगळंच.

टूथपेस्ट मात्र फ्लोराइडचीच वापरा: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. गिळू न देता थुंकायला शिकवा.