कॉलेजसाठी पुण्यात आलाय? पहिले दोन महिने असे काढा

मी बार्शीची. इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि पुण्यात आले, आणि पहिल्या महिन्यात चारही शनिवारी दुपारचं प्रॅक्टिकल सोडून स्वारगेट गाठलं आणि घरी गेले. पाच तास जायला, पाच तास यायला, सोमवारचं पहिलं लेक्चर पूर्ण झोपेत. सगळे म्हणायचे होईल सवय, पण ती करायची कशी हे कुणीच सांगत नव्हतं, म्हणून यंदा जी पोरं-पोरी पहिल्यांदा घर सोडून आलीत त्यांच्यासाठी हे नीट लिहून ठेवतेय. पुण्याचं लिहितेय कारण मला तेच माहितीय, पण नाशिकला, कोल्हापूरला गेलेल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी रूम आणि मेस

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका कॉटपुरतं भाडं देऊन, जागा बघायला जाताना दुपारी जाऊ नका, सकाळी सातला जा. पाणी किती वाजता येतं, एका बाथरूमला किती जणी, गिझर चालतो का, हे सगळं त्या एका तासात दिसतं आणि तिथं राहणाऱ्या मुलीही भेटतात, त्यांना विचारा, त्या खरं सांगतात. डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि लाईट बिल भाड्यात धरलंय का वेगळं, हे कागदावर लिहून घ्या. काका-काकू कितीही चांगले वाटले तरी पावती मागायला लाजू नका. आणि दोन पैसे जास्त गेले तरी चालेल पण कॉलेजला चालत जाता येईल अशी जागा बघा, पहिल्या वर्षी दोन बस बदलून जाण्यात जीव जातो.

मेसचे पैसे एकदम तीन महिन्यांचे भरू नका. मी भरले होते, पंधरा दिवसांत पोट बिघडलं आणि एक रुपया परत मिळाला नाही. आधी चार-पाच दिवस एकेका ताटाचे पैसे देऊन जेवा, मग महिना लावा. लावताना खाड्याचा नियम विचारून घ्या, म्हणजे गावाला गेलात तर किती दिवसांचे खाडे धरतात आणि किती आधी सांगावं लागतं. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात हे नवीन पोरांना माहीत नसतं आणि मग उपाशी झोपतात, तेव्हा खोलीत पोहे, शेंगदाणे, गूळ असं काहीतरी ठेवाच.

कागदपत्रं पहिल्या पंधरवड्यात संपवा

एलसी (शाळा सोडल्याचा दाखला), मार्कशीट, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, कॅपचं, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचं, अलॉटमेंट लेटर, या सगळ्याचे झेरॉक्सचे चार सेट करा आणि मोबाईलमध्ये स्कॅन ठेवा, कारण ओरिजिनल एलसी कॉलेज ठेवून घेतं आणि नंतर कॉपी मागायला खेटे घालावे लागतात.

मग महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या वेबसाईटवरचा फॉर्म. तो भरला की काम झालं असं समजू नका, कॉलेजच्या लॉगिनमधून तो पुढं जावा लागतो, म्हणून दर आठवड्याला स्टेटस बघा आणि पेंडिंग दिसला की स्कॉलरशिपच्या खिडकीवर जाऊन उभे राहा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, कित्येक जणांचं जोडलेलं खातं वेगळंच निघतं, ते बँकेत जाऊन आधीच बघून घ्या. आणि दरवर्षी रिन्यू करायचा असतो.

मुलींनो, हे घरी नक्की सांगा: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि कॅपमधून व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन असेल, तर ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. हॉस्टेल-मेसचा खर्च त्यात नाही. राहण्या-जेवणासाठी वेगळ्या योजना आहेत, सरकारी हॉस्टेल न मिळालेल्या एससी मुलामुलींसाठी स्वाधार आहे आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आपण कशात बसतो ते ऑफिसात विचारा. फी भरताना बापाचा चेहरा बघितलाय मी, म्हणून हे एवढं लांबण लावून सांगतेय.

इंग्रजी लेक्चर

आता सगळ्यात अवघड गोष्ट. अकरावी-बारावी सायन्स आपण इंग्रजीत केलं हे खरं, पण आमच्याकडं सर शिकवायचे मराठीतूनच, फक्त शब्द इंग्रजी. इथं सलग तासभर इंग्रजी सुरू झालं आणि मला पहिल्या आठवड्यात वाटलं की आपल्याला डोकंच नाही. मला त्वरण माहीत होतं, जडत्व माहीत होतं, गणितं येत होती, पण मॅडम बोलत होत्या ते वाक्य संपेपर्यंत माझा पहिला शब्दच अडकलेला असायचा.

मग मी वहीच्या शेवटच्या पानावर एक उभी रेघ मारली. लेक्चरमध्ये जो शब्द अडेल तो डावीकडं, जसा ऐकू आला तसा, देवनागरीतच. रात्री पुस्तकात शोधून उजवीकडं मराठीत अर्थ. पहिल्या दिवशी एकवीस शब्द होते, त्यातला अर्धा भाग तर ‘कन्सिडर’, ‘अझ्यूम’, ‘रिस्पेक्टिव्हली’ असलाच, म्हणजे विषय येत होता, मधले साधे इंग्रजी शब्द येत नव्हते. सहा आठवड्यांत दिवसाला तीन-चारवर आले. हे एवढंच करा, त्यासाठी क्लासला पैसे घालू नका.

पुढून दुसऱ्या-तिसऱ्या बेंचवर बसा, मागं आवाज नीट येत नाही. आणि शंका मराठीत विचारा. लेक्चर संपल्यावर टेबलाजवळ जाऊन ‘मॅडम, ही स्टेप कळली नाही’ म्हणालं की बहुतेक शिक्षक मराठीतच समजावून सांगतात, मला तर एका सरांनी खडूनं टेबलावरच आकृती काढून दाखवली होती.

बाकी हजेरी, बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते, पहिल्या महिन्यात बंक मारून ती नंतर भरून निघत नाही. जर्नल त्या त्या आठवड्यात लिहून सही घ्या, सबमिशनच्या आदल्या रात्री बारा प्रयोग उतरवत बसलेली पोरं दरवर्षी दिसतात. पुस्तकं नवी घेऊ नका, सीनियरकडं मागा नाहीतर अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. पहिल्या सेमला केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर घरी लपवू नका, अभ्यासाला बसा, निघते.

त्रास होत असेल तर

सीनियर चेष्टा करतात आणि सीनियर छळतात यातला फरक पोटात कळतो. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि देशभराची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते. आणि रडू थांबत नसेल, झोप-जेवण सुटलं असेल तर १४४१६ लावा, ती टेलिमानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

शनिवार-रविवार इथंच काढा

मुद्दा खरं तर हाच आहे. एसटीत २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं जावंसं पटकन वाटतं. पण सोमवार ते शुक्रवार जो तो आपापल्या धावपळीत असतो. ओळख होते ती रविवारी. सकाळी सगळ्यांचे कपडे धुवायचे असतात, बादलीसाठी नंबर लागतो, तिथं गप्पा सुरू होतात, मग कुणीतरी तुळशीबागेत निघतं, कुणाला आंघोळीचा मग घ्यायचा असतो, कुणाला दोऱ्या-चिमटे. मी चार रविवार नव्हते, म्हणून परत यायचे तेव्हा त्यांचं आपसात सगळं ठरलेलं असायचं आणि मला वाटायचं या मला घेत नाहीत.

तर पहिले सहा आठवडे जाऊ नका. आईशी रात्री नऊला रोज बोला, वेळ ठरवून, दिवसातून सात वेळा नको, त्यानं तिलाही झोप लागत नाही. पाचव्या शनिवारी मी थांबले, खोलीत एकटी बसले होते, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. रविवारी संध्याकाळी मेस बंद, रूममेट परभणीची, तिच्याकडं काहीच नव्हतं, मी भाकरी मोडून अर्धी तिला दिली, ती दही घेऊन आली, शेजारच्या खोलीतल्या दोघी वासानं आल्या. साडेदहापर्यंत बसलो होतो.

सहा आठवड्यांनी घरी जाल तेव्हा येताना भाकरी जास्त आणा, चटणीही. एका डब्यानं भागत नाही.